आधी तालीम ऐकव

अगं, काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, मुख्याध्यापिकांनी सातवीच्या मुलांना आफ्रिकन क्वायरची ओळख करून द्यायला सांगितलंय, मी छान छान व्हिडिओ काढून ठेवलेत." तेव्हा तुझी बस आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे निवांत लिहितेय. मी आता जोहान्सबर्गला असले तरी डर्बनच्या शाळांमधून बरीच वर्षं गाणं शिकवलंय. हा विषय माझ्या जिवाचा आहे, त्यामुळे जरा लांबण लागली तरी वाच.

पहिलं सांगते, व्हिडिओ सध्या बाजूला ठेव. वर्गातल्या त्या छोट्या स्पीकरमधून खालचे आवाज जवळजवळ नाहीसेच होतात. इथल्या गाण्याचा सगळा भार तर खालच्या आवाजांवर असतो. मुलांना वरची चाल तेवढी ऐकू येते, ती गोड वाटते, दोन मिनिटांत ती चुळबुळ करायला लागतात आणि आपण समजतो ओळख झाली. बास म्हणणारी वीस माणसं एका खोलीत गातात तेव्हा तो आवाज कानाआधी छातीत लागतो. ते एकदा झालं की पुढचं शिकवणं सोपं होतं. त्याआधी कितीही माहिती दे, ती वहीतच राहते.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. तुझी शाळा चॅट्सवर्थमध्ये आहे. शेजारी उमलाझी आहे. मधे रस्ता आणि थोडी टेकडी, बस. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्यानं भारतीयांना इकडे आणि झुलू लोकांना तिकडे बसवलं. तो कायदा जाऊन तीस वर्षं उलटली, तरी तुझ्या वर्गातली बरीच मुलं उमलाझीतल्या शाळेच्या सभागृहात एकदाही बसलेली नसतील, आणि तिकडची मुलं इकडे आलेली नसतील. जे गाणं पलीकडच्या रस्त्यावर जिवंत आहे ते पडद्यावर दाखवायचं म्हणजे शेजाऱ्याची ओळख फोटोतून करून देणं झालं. तू तसं करू नयेस असं मला फार मनापासून वाटतं.

मग काय करायचं? लगेच प्लेहाउस नाट्यगृहातल्या मोठ्या कार्यक्रमाची तिकिटं काढू नकोस. आधी तालीम ऐकव.

का ते सांगते. तू स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकशील, पालकही म्हणतील, अगदी कौतुकानं म्हणतील: "या लोकांच्या रक्तातच गाणं असतं." असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वर्षभर रोज शाळा सुटल्यावर उभं राहून, एकेक ओळ घासून जे कमावलंय, त्याचं सगळं श्रेय रक्ताला देऊन टाकायचं? आपल्या भीमसेनजींच्या मेहनतीबद्दल असं कुणी बोललं तर आपल्याला चालेल का? मोठा कार्यक्रम बघितला की हा समज पक्का होतो, कारण तिथं सगळं सहज दिसतं. तालमीत तो समज टिकत नाही. मुलांच्या डोळ्यांसमोर आल्टोवाल्या मुली तीच ओळ पुन्हा पुन्हा चुकतात, बाई थांबवतात, टेनर कंटाळून भिंतीला टेकतात, आणि मग अचानक चारही आवाज एकत्र बसतात. तो क्षण सातवीतल्या मुलाला कळतो. त्यासाठी झुलू यायला लागत नाही.

इथं शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि शालेय क्वायरच्या स्पर्धा ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांना 'आइस्टेडफड' म्हणतात, वेल्सकडून आलेला शब्द. जिल्हा, प्रांत आणि मग राष्ट्रीय फेरी. प्रत्येक गटाला ठरवून दिलेली गाणी असतात, त्यात पाश्चात्त्य रचना असते तशी आफ्रिकन संगीतकाराची रचनाही असते. पहिल्या सहामाहीत कुठल्याही बऱ्या शाळेत दुपारी तालीम चालू असते. उमलाझीतल्या एखाद्या शाळेला शाळेमार्फत रीतसर पत्र पाठव, आणि मग स्वतः जाऊन क्वायरच्या शिक्षकांना भेट. आधी एकटी जाऊन बस एकदा. मुलांना घेऊन नंतर जा.

तिथं तुला एक गोष्ट बघून घरी आल्यासारखं वाटेल. फळ्यावर किंवा झेरॉक्सवर पाच रेघांचं नोटेशन क्वचितच दिसेल. त्याऐवजी अक्षरं असतील: डी, आर, एम, एफ, एस, एल, टी. मधे उभ्या रेघा आणि दोन-दोन टिंबं. हे टॉनिक सोल-फा. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं मुलांना गाणं शिकवायला अशी अक्षरपद्धत काढली आणि १८४०च्या दशकात जॉन कर्वेन नावाच्या धर्मोपदेशकानं ती सुधारून घेतली. मिशनरी ती सगळीकडे घेऊन गेले. इंग्लंडमध्ये आता ती मागे पडली, दक्षिण आफ्रिकेत मात्र पिढ्यान्‌पिढ्या क्वायर तिच्यावर वाढले. आणि बघ, त्यात 'दो' कुठल्याही उंचीवर धरता येतो, आपल्या षड्जासारखाच. काळी दोन घ्या नाही तर पांढरी पाच, नातं तेच राहतं. तू सारेगम शिकवतेस त्याच मुलांपुढे ती अक्षरं लिही. काही मिनिटांत ती वाचून गायला लागतील. पाहुणे म्हणून जाणाऱ्या मुलांना यजमानांच्या फळ्यावरचं वाचता येतंय, याचा दोन्हीकडच्या मुलांवर फार चांगला परिणाम होतो.

ही पद्धत इथं रुजली त्याला कारण आहे. १९५३च्या बांटू एज्युकेशन कायद्यानं काळ्या मुलांच्या शाळा मुद्दाम गरीब ठेवल्या. पियानो कुठला आणि व्हायोलिन कुठलं? पण खडू, फळा आणि चाळीस गळे होते, आणि सोल-फाला याहून जास्त काही लागत नाही. मुलांना हे सांग, पण दयेच्या सुरात सांगू नकोस. त्या शाळांनी जे उभं केलं त्याचा दर्जा ऐकल्यावर दया करावी असं काही उरत नाही.

आता तुझ्या कानाबद्दल बोलते. तू आणि मी एका स्वराच्या परंपरेत वाढलो. आपल्याकडे शंभर वारकरी गायले तरी सगळे एकच चाल धरतात. बुवांनी ओळ म्हणायची, ती संपली की टाळकऱ्यांनी उचलायची. इथंही एक जण काढतो आणि बाकीचे उचलतात, म्हणून पहिल्यांदा आपल्याला वाटतं, अरे हे तर आपलं भजनच. थोडं थांबून ऐक. जुन्या झुलू गाण्यात समूह हा पुढच्याची ओळ संपण्याची वाट बघत नाही. तो आधीच सुरू होतो, आणि समूहाची ओळ चालू असतानाच पुढचा परत शिरतो. दोन्ही ओळी एकमेकींवर चढलेल्या असतात. आवर्तन एक, पण प्रत्येक आवाजाची सुरुवात वेगळ्या मात्रेवर. तू संगीत विशारद, म्हणून तुला हे असं सांगते: प्रत्येक गटाची सम निराळी आहे आणि तरी ताल एकच आहे. डेव्हिड रायक्रॉफ्ट या अभ्यासकानं हे फार बारकाईनं मांडून ठेवलंय. तालमीत मुलांना एवढंच काम दे: अर्ध्या वर्गानं पुढच्या आवाजाबरोबर बोट हलवायचं, अर्ध्यानं समूहाबरोबर. बोटं एकाच वेळी पडत नाहीत हे त्यांना दिसेल, आणि दिसलं की ऐकू येईल.

चार आवाजांची रचना हा दुसरा थर. ती मिशनच्या चर्चमधून आली, आणि इथल्या माणसांनी ती आपल्या पद्धतीनं वाकवली. या सगळ्या परंपरेला लोक 'माक्वाया' म्हणतात. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही नावं तुझी मुलं एका दिवसात पाठ करतील. वेगळे आवाज ऐकायला मात्र वेळ लागतो. मी नेहमी खालून सुरुवात करते. आधी फक्त बास ऐका, त्याच्याबरोबर ओठ मिटून गुणगुणा. मग टेनर. वरची चाल सगळ्यात शेवटी, ती कुणी न सांगता ऐकू येतेच. तालमीत शिक्षक आवाज वेगळे वेगळे घेतातच, त्यामुळे हे आपोआप साधतं. कार्यक्रमात ही सोय नसते.

आणि एक मजेशीर अभ्यास तुझ्या हाताशी रोजच आहे. राष्ट्रगीत! मुलं ते प्रार्थनेला म्हणतात आणि त्यात काय आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यांना सांग, षड्ज धरून ठेवा आणि कुठे सुटतो ते बघा. अर्ध्यावर तो खरंच सुटतो. कारण ही दोन गाणी आहेत. पहिलं एनॉक सोंटोंगा यांचं. जोहान्सबर्गजवळच्या मेथडिस्ट मिशन शाळेत ते शिक्षक होते, त्यांनी १८९७ साली ते आपल्या शाळेतल्या मुलांच्या क्वायरसाठी केलं. तुझ्यासारखाच शाळेतला गाण्याचा मास्तर, हे मुलांना जरूर सांग. १९०५ मध्ये, तरुण वयातच ते गेले. दुसरं गाणं वर्णभेदी राजवटीचं राष्ट्रगीत, त्याची चाल १९२१ची. १९९७ मध्ये दोन्ही जोडून एक केलं. जोडणाऱ्यांत संगीतकार म्झिलिकाझी खुमालो होते, आणि सांगीतिक जोडणीत जीन झायडल-रुडॉल्फ या संगीतकार बाई. पाच भाषा आहेत त्यात. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सूर बदलतो आणि गाणं जिथं सुरू झालं त्या सुरात संपतच नाही. मुलांना हे स्वतः सापडू दे. तू आधी सांगून टाकू नकोस. सोंटोंगा यांचीच चाल टांझानियाच्या राष्ट्रगीतालाही आहे, तेही ऐकव; तेवढ्यापुरती व्हिडिओला माझी हरकत नाही.

नावं घे गं, प्रत्येक गाण्याबरोबर नाव घे. 'आफ्रिकन पारंपरिक' असा शिक्का मारून गाणी शिकवण्याची फार वाईट सवय शाळांना आहे. काही गाणी खरोखर कुणा एकाची नसतात, तिथं तसं म्हण. पण बहुतेक क्वायरच्या रचनांना कर्ता आहे. लेसोथोचे मोहापेलोआ, इथले मोएराने, कालुझा, खुमालो. जुन्यातले जुने म्हणजे खोसा संत न्ट्सिकाना. १८२१ मध्ये ते वारले, त्यांनी स्तोत्र रचलं ते तोंडी टिकलं, आणि पुढे लव्हडेलच्या जॉन नॉक्स बोक्वे यांनी ते सोल-फात उतरवलं. बाहेरून आलेल्या स्तोत्रांपेक्षा हे इथल्या कानाला जवळचं का वाटतं, तेही कळण्यासारखं आहे. खोसा आणि झुलूत शब्दाचा अर्थ सुराच्या चढउतारावरही ठरतो. इंग्रजी स्तोत्राची तयार चाल घेऊन तिच्यावर खोसा शब्द बसवले की चाल वर जाते आणि शब्दाला खाली जायचं असतं. आपल्या माणसानं आपल्या शब्दांसाठी केलेल्या चालीत ही ओढाताण नसते. पुढच्या चांगल्या संगीतकारांनी हे भान ठेवलं.

मुलींना शार्लट मान्येची गोष्ट सांग, पुढे त्या शार्लट मॅक्सेके म्हणून ओळखल्या गेल्या. १८९१ मध्ये इथला एक क्वायर इंग्लंडला गेला, ऑस्बर्न हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे गायला. शार्लट त्यात होत्या. नंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात व्यवस्था कोलमडली आणि गाणारी मंडळी ओहायोत अडकून पडली. तिथल्या कृष्णवर्णीय चर्चनं आधार दिला, शार्लट विल्बरफोर्स विद्यापीठात शिकल्या, आणि पदवी मिळवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या काळ्या स्त्री म्हणून परतल्या. त्यांनीच पुढे स्त्रियांची संघटना बांधली. क्वायर म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनातला एक कार्यक्रम, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट ऐकावी.

तालीम झाली की मग कार्यक्रम. इथं दोन-तीन गोष्टी सांभाळ. मुलांना 'शांत बसा' असं बजावून नेऊ नकोस. इथले श्रोते गप्प बसत नाहीत. आवडलं की बायका जीभ हलवत तो उंच, लांब नाद काढतात, कुणी उठून नाचतं, कुणी पुढे जातं. तुझी मुलं हाताची घडी घालून बसली तर गाणाऱ्यांना वाटेल त्यांना आवडलं नाही. मात्र स्पर्धेत पाश्चात्त्य रचना चालू असताना सगळे स्तब्ध असतात. तो फरक मुलांनी यजमानांकडे बघून ओळखायचा. आणि गाताना होणारी पावलांची हालचाल ही सजावट आहे असं समजू नका. पाय काढून टाकले तर ताल लंगडा पडतो. मी मुलांना आधी पावलं शिकवते, मग शब्द.

पालकांचा प्रश्न येईल, त्याची तयारी ठेव. चॅट्सवर्थमधली घरं तमिळ, तेलुगू, हिंदी. बरीचशी मंदिरात जाणारी. "आमच्या मुलांना चर्चची गाणी कशाला?" असं कुणी तरी विचारेल. लपवू नकोस. यातली खूप गाणी प्रार्थना आहेत हे परवानगीच्या पत्रातच स्वच्छ लिही, आणि मुलं ऐकायला येताहेत हेही लिही. ज्यांना पाल्याला पाठवायचं नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नको. माझा अनुभव असा, की पालकांना गप्प केलं की ते बिथरतात आणि त्यांनाही बोलावलं की येतात. दोन आज्यांना बसमध्ये घे. आज्यांना समूहगान कळतं.

आता इसिकाथामिया. तुझ्या व्हिडिओंत लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो असणारच, म्हणून हे वेगळं सांगते. ही पुरुषांची परंपरा. नाताळ प्रांतातल्या खेड्यांतून खाणींत आणि कारखान्यांत आलेले, हॉस्टेलात राहणारे, बायकामुलांपासून लांब असलेले मजूर शनिवारी रात्री स्पर्धा लावत, त्या रविवारी उजाडेपर्यंत चालत. कडक इस्त्रीचे सूट, पांढरे हातमोजे, चवड्यांवर हलकी पावलं. परीक्षक म्हणून कधीकधी रस्त्यावरचा परका माणूस, झुलू न येणारा, पकडून आणत, म्हणजे तो कुणाची बाजू घेणार नाही. रचनेत एक पुढचा, एक आल्टो, एक टेनर आणि बाकी सगळे बास. म्हणून म्हटलं, स्पीकरवर ऐकू नका. डर्बनमध्ये या स्पर्धा अजून होतात, पण रात्रभराचं प्रकरण आहे, सातवीच्या मुलांना तिथं न्यायचं नाही. त्याऐवजी एखाद्या गटाला शाळेत बोलव, दिवसा.

आणि बोलावलंस की पैसे दे, योग्य ते आणि ठरलेल्या दिवशी. शाळा म्हणेल, "मुलांसाठी आहे, ते आनंदानं येतील." आनंदानं येतीलही. तरी दे. सॉलोमन लिंडा हे नाव तुला माहीत असायला हवं. झुलू माणूस, म्सिंगा भागातला. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्यांनी आपल्या 'ओरिजिनल ईव्हनिंग बर्ड्स' या गटाबरोबर 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केलं. त्या गाण्यातून पुढे सिंहाचं ते इंग्रजी गाणं निघालं, जे जगात प्रत्येक लहान मुलाला येतं, तुझ्याही वर्गाला येतंच. लिंडांच्या हातात आले अवघे १० शिलिंग. १९६२ मध्ये ते गरिबीत गेले. मुलींनी खटला लढवला तेव्हा कुठे २००६ मध्ये तडजोड होऊन घरच्यांना हक्काचं काही मिळालं. तो सिंह मुलांना गाऊ दे, मग लिंडांचं मूळ गाणं ऐकव, आणि मग ही हकीकत सांग. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना अन्याय लगेच कळतो. त्यानंतर मानधनाचं पाकीट मुलांच्या हातून द्यायला सांग.

याच वयाला आणखी एक कठीण गोष्ट सांगता येते. वुयिसिले मिनी हे कामगार संघटनेतले कार्यकर्ते, भारदस्त बास आवाजाचे, त्यांनी लढ्याची गाणी रचली. १९६४च्या नोव्हेंबरात प्रिटोरियाच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं, आणि ते गातच गेले. हे सांगताना आवाज थरथरवायची गरज नाही. सरळ सांग आणि प्रश्न आले तर उत्तरं दे. शिक्षकानं गाळलेली गोष्ट मुलं दुसरीकडून ऐकतातच, अर्धवट.

आता सहलीचं. शाळा एक दिवस देईल असं म्हणालीस, तो दिवस इनांडाला घालव. ड्रॅकेन्सबर्ग बॉइज क्वायरची शाळा सुंदर आहे, डोंगराच्या कुशीत, सत्र चालू असताना बुधवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम असतो. पण तिथं जाण्यायेण्यातच दिवस जाईल. ते वर्षाच्या शेवटी बघू. इनांडा तुझ्या शहराला लागूनच आहे, आणि तिथं काही किलोमीटरांत काय काय आहे! गांधीजींची १९०४ची फिनिक्स वसाहत. जवळच जॉन दुबे यांची ओहलांगे शाळा, १९०१ची. १९१२ मध्ये जो पक्ष पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाला, त्याचे पहिले अध्यक्ष हे दुबे. १९९४ मध्ये मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत दिलं. सोंटोंगांचं गाणं जोहान्सबर्गच्या श्रोत्यांपर्यंत पोचवलं तेही ओहलांगेच्या क्वायरनं.

आणि ऐक, इथं आपल्या रत्नागिरीचा माणूस येतो. १९१२च्या नोव्हेंबरात गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. ते ओहलांगेला दुबेंना भेटायला गेले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गाणी म्हणून दाखवली, बँड वाजवला. गांधीजींच्या 'इंडियन ओपिनियन'नं त्याची नोंद ठेवली. कोतळूकचा मुलगा, फर्ग्युसनचा प्राध्यापक, आणि पुढ्यात शाळेतली मुलं चार आवाजांत गाताहेत. गोखल्यांना ते कसं वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. तुझ्या मुलांना ती जागा दाखव. त्याच शाळेत रूबेन कालुझा शिकले, पुढे तिथंच क्वायर चालवू लागले. १९१३च्या जमीन कायद्यानं काळ्या लोकांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली, त्यावर त्यांनी गाणं केलं आणि ते सभांमधून गायलं जाऊ लागलं. शाळेतला क्वायर वर्तमानपत्रातल्या बातमीवर गातो, हे आज तुझ्या मुलांनाही सुचायला हरकत नाही.

इनांडातच इसाया शेम्बे यांच्या नाझरेथ पंथाचं मूळ ठिकाण आहे. त्यांनी रचलेली स्तोत्रं मिशनच्या चौआवाजी साच्यात बसत नाहीत. संथ, लांबवलेली, एकमेकींवर ओघळणारी. मी मघाशी निराळ्या समांचं म्हटलं ते तिथं अगदी स्पष्ट ऐकू येतं. मात्र ती उपासना आहे. परवानगी विचारून, पंथाचा नियम पाळून, पादत्राणं काढून जायचं, आणि तिथं मोबाईल बाहेर काढायचा नाही. बोलावणं नसेल तर जाऊच नये.

शेवटी मुलांनी स्वतः गायचंय. ऐकून आल्यावर आठवडाभरात एक गाणं बसव, लहानसं. आणि शब्दांना घाबरू नकोस. झुलू-खोसातल्या त्या टिचक्यांनी आपली मुलं बिचकतात. तीन टिचक्या आहेत आणि दोन तर घराघरात आहेत. हळहळताना आपण जीभ दातांना लावून जो च्‌-च्‌ काढतो ती एक. बैलाला हाकताना गालाच्या कडेनं काढतात ती दुसरी. तिसरी, जीभ टाळूला वर चिकटवून खाली आपटायची, बाटलीचं बूच उडाल्यासारखी. इसिकाथामियातला 'क' हा खरं तर पहिली टिचकी आहे. पाच मिनिटं वर्गात नुसता गोंगाट होऊ दे, मग जमतं. उच्चार मात्र झुलू शिक्षकांकडून तपासून घे, आणि ते मुलांसमोर तपासून घे. त्यांच्या भाषेत त्यांच्याकडून शिकताना बाईंना काही कमीपणा वाटत नाही, हे मुलांनी बघायला हवं.

निबंध लिहायला लावू नकोस, कळकळीनं सांगते. आल्यावर एकच विचार: कुठल्या आवाजात उभं राहावंसं वाटलं, आणि का? उत्तरं ऐकून तुला तुझा क्वायर सापडेल. ज्यांचे आवाज फुटायला लागलेत, त्या मुलग्यांना शाळेत गाण्यातून बाहेर काढतात. इथं उलट त्यांना टेनर-बासची वाट आहे, शेजारच्या शाळेतले मोठे मुलगे बघून ते लाजायचे थांबतील.

सोमवारी उमलाझीला जाऊन ये आणि तालमीच्या वेळा कळव. पत्राचा मसुदा मला पाठव, मी बघून देते. आणि मुलं गायला उभी राहिली की पेटी बंद करून तूही त्यांच्यात उभी राहा, आल्टोमध्ये. तिथं नेहमी माणसं कमी पडतात.